रुपया घसरलेला असताना परदेश सहल: देश कसा निवडायचा आणि पैसे कुठे गळतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं चौघांचं कुटुंब, मुलं १० आणि १४ वर्षांची. पहिलीच परदेश सहल, आठ रात्रींची, दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत. हातात अडीच लाख रुपये. डॉलर नव्वदीला गेलाय, तर आता परवडेल असा देश कुठला, की रुपया सावरेपर्यंत थांबावं?

थांबू नका. रुपया डॉलरपुढे घसरला म्हणजे जगातल्या सगळ्याच चलनांपुढे घसरला असं नसतं. शिवाय अडीच लाखांच्या सहलीत रुपयाच्या घसरणीचा वाटा वाटतो त्यापेक्षा खूप लहान असतो. चुकीच्या आठवड्यात काढलेलं तिकीट त्याच्या कितीतरी पट जास्त खातं. खालचा सगळा हिशोब डॉलर ९० रुपये धरून केलाय. दर थोडे पुढेमागे होतील, पण प्रमाण तेच राहील.

आधी चलनाचं बघू. बहुतेक जण नोटेवरची शून्यं मोजतात. एका रुपयाला २९० व्हिएतनामी डोंग मिळतात म्हणजे तिथे आपण राजे, असं वाटतं. एका नोटेवर किती शून्यं आहेत याला काही अर्थ नाही. बघायचं ते एवढंच, की आपल्या रुपयाला दहा वर्षांपूर्वी त्या देशाचे किती पैसे मिळत होते आणि आज किती मिळतात. २०१४ मध्ये डॉलर साठ-एकसष्ट रुपयांना होता. तेव्हापासून तो जवळपास दीडपट झाला. थायलंडचा बाट तेव्हा १ रुपया ९० पैशांच्या आसपास होता, आज तो २ रुपये ८० पैशांच्या घरात आहे. म्हणजे बाटही डॉलरइतकाच महागला. ‘बँकॉक आता पूर्वीसारखं स्वस्त राहिलं नाही’ ही तक्रार खरी आहे, आणि त्यात तिथल्या महागाईपेक्षा आपल्या रुपयाचा हात मोठा आहे.

आता डोंग बघा. २०१४ मध्ये रुपयाला साधारण ३५० मिळायचे, आज २९०. घसरण आहे, पण थायलंडच्या मानाने जवळपास निम्मीच. इंडोनेशियाचा रुपिया जवळपास जिथल्या तिथे आहे: तेव्हा १९५, आता १८५. श्रीलंकेच्या बाबतीत तर उलटच झालंय. २०१४ मध्ये आपल्या रुपयाला श्रीलंकेचे सव्वादोन रुपयेही पुरते मिळत नव्हते. २०२२ च्या आर्थिक संकटानंतर आज तीन रुपये चाळीस पैशांच्या आसपास मिळतात. आणि जपानचा येन, ज्याचं नाव ऐकून लोक पान उलटतात: २०२० मध्ये १०० येनला ७० रुपये पडायचे, आज ५८ च्या आसपास. जपान स्वस्त झालं असं नाही, पण रुपया घसरत असताना जपान आपल्याला थोडं उतरलंय, हे कोणी सांगत नाही.

दुसऱ्या बाजूला काही देशांनी आपलं चलन डॉलरला बांधून ठेवलंय. दुबईचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराला खिळलेला आहे. ओमानचा रियाल, सौदीचा रियाल, हाँगकाँगचा डॉलर याच जातकुळीतले. अझरबैजानचं ‘मनात’ नावाचं चलन २०१७ पासून एका डॉलरला १.७० वर स्थिर आहे, म्हणून ‘स्वस्तातला युरोप’ म्हणून जाहिरात होणारं बाकू दर वर्षी थोडं थोडं महाग लागतं. मालदीवमध्ये तर रिसॉर्टचं बिलच डॉलरमध्ये येतं. रुपया घसरलेल्या वर्षी हे देश यादीतून बाजूला ठेवायला हरकत नाही. रुपया पडला की इथे तेवढ्याच टक्क्यांनी भाव चढतो, मधे गादी नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: चलन कोसळलंय, पण पर्यटकाला लागणाऱ्या वस्तूंचे भाव डॉलर-युरोत लिहिलेत. तुर्कस्तान हे याचं ठळक उदाहरण. लिरा काही वर्षांत कित्येक पटींनी पडला, पण महागाईने तेवढेच भाव चढवले, आणि इस्तंबूलच्या आया सोफियात परदेशी माणसाला जानेवारी २०२४ पासून २५ युरोचं तिकीट आहे. चौघांचे १०० युरो, एका इमारतीचे. श्रीलंकेतही हा प्रकार आहे. जेवण, बस, गेस्ट हाउस स्थानिक रुपयांत आणि खरंच स्वस्त. पण सिगिरियाच्या खडकावरच्या किल्ल्याचं तिकीट परदेशी माणसाला तीस-पस्तीस डॉलर, ड्रायव्हरसह गाडी दिवसाला पंचावन्न-साठ डॉलर, सफारीचा प्रवेश डॉलरच्या हिशोबाने. तिथे पासपोर्ट पुढे करून ‘सार्क’चा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या नागरिकांसाठीचा दर विचारायचा. भारतीयांना बऱ्याच पुरातन स्थळांवर सवलत असते, पण न विचारता खिडकीवरचा माणूस देईलच असं नाही. सिगिरियाच्या समोरच्या पिदुरंगला टेकडीचं तिकीट स्थानिक रुपयांत, अगदी किरकोळ, आणि सिगिरियाचा सर्वांत चांगला फोटो तिथूनच येतो.

म्हणून देश निवडताना एक साधा प्रश्न विचारायचा: तिथे पोचल्यावर माझ्या खर्चातला किती भाग स्थानिक पैशांत आहे आणि किती डॉलरमध्ये? जितका स्थानिक भाग मोठा, तितके तुम्ही रुपयाच्या पडझडीपासून लांब.

आता दिवसांचं गणित. इथेच बहुतेकांचं चुकतं. सहलीचा खर्च दोन तुकड्यांत मोडतो. एक, दारातून निघून परत येण्याचा खर्च: तिकीट, व्हिसा, विमा, विमानतळाची गाडी. हा चार दिवस राहा की बारा, सारखाच. दुसरा, रोजचा: खोली, जेवण, फिरणं, तिकिटं. लांबच्या स्वस्त देशात चार दिवसांसाठी जाणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

थायलंड आणि व्हिएतनाम शेजारी ठेवून बघा. मुंबई-बँकॉक परतीचं तिकीट सुट्टीत चांगलं पकडलं तर १८ हजारांच्या आसपास, मुंबई-हनोई २५ हजार. चौघांचा फरक २८ हजार. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी दिली (या सवलती मागेपुढे होतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा बघाच), व्हिएतनामचा ई-व्हिसा माणशी २५ डॉलर, म्हणजे चौघांचे ९ हजार. एकूण ३७ हजारांनी थायलंड पुढे. पण रोजचा खर्च चौघांना थायलंडमध्ये साधारण १६ हजार, व्हिएतनाममध्ये ११-१२ हजार. दिवसाला चार-साडेचार हजार वाचतात, म्हणजे आठ-नऊ दिवसांत बरोबरी होते. पाच दिवस असतील तर डोळे झाकून थायलंड. तुमच्या आठ रात्री अगदी सीमेवर आहेत. मी व्हिएतनामकडे झुकतो, कारण तिथला खर्च रुपयाच्या पुढच्या घसरणीला कमी लागतो आणि हनोईच्या आसपास एवढं आहे की आतलं विमान घ्यावं लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. व्हिएतनाम नकाशावर अरुंद दिसतो, पण हनोई ते हो ची मिन्ह सिटी हे अंतर रेल्वेने १७०० किलोमीटरच्या वर आहे. आठ दिवसांत हनोई, दा नांग आणि हो ची मिन्ह तिन्ही करायचं म्हटलं की दोन आतली विमानं, चौघांचे तीसेक हजार आणि दोन दिवस बॅगा भरण्यात. एक टोक निवडा. दिवाळीत उत्तर, मे महिन्यात मधला भाग. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मधल्या भागात, म्हणजे दा नांग, होई आन, ह्वे इथे वर्षातला सर्वांत जोराचा पाऊस असतो, होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. तेव्हाच स्वस्त पॅकेजं दिसतात, आणि ती स्वस्त का आहेत हे कोणी सांगत नाही. उत्तरेत मात्र त्याच काळात पाऊस सरलेला आणि हवा आल्हाददायक असते.

दिवाळीतल्या आठ रात्री, हनोई, निन्ह बिन्ह आणि हा लाँग उपसागरातली एक दिवसाची बोट, असा हिशोब मांडतो. विमान चौघांचं एक लाख; बजेट विमान कंपन्यांत दोन वर्षांवरच्या मुलाचं भाडं जवळपास मोठ्यांइतकंच, त्यामुळे १० वर्षांच्या मुलाची सूट धरू नका. व्हिसा ९ हजार. नाशिक-मुंबई विमानतळ गाडी येऊन-जाऊन ८ हजार. हा खर्च नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरची माणसं हमखास विसरतात. प्रवास विमा आणि दोन ई-सिम ४ हजार. इथपर्यंत १ लाख २१ हजार, अजून हनोईत पाऊल पडलेलं नाही.

तिथला खर्च: न्याहारीसकट फॅमिली रूम रात्रीला ३,५०० धरून २८ हजार. जेवण असं धरा: दुपारी चौघांचे २ लाख ८० हजार डोंग, रात्री ४ लाख ८० हजार, पाणी-फळं-कॉफी दीड लाख. झाले ९ लाख १० हजार, म्हणजे ३,१०० रुपये. आठ दिवसांचे २५ हजार. शहरात फिरायला ‘ग्रॅब’ ॲपच्या गाड्या, ८ हजार. निन्ह बिन्हला जायला लिमोझिन व्हॅन मिळतात (नाव मोठं, असते नऊ-दहा आसनी व्हॅनच), माणशी एका बाजूचे अडीच लाख डोंग, चौघांचे दोन्ही बाजूंचे ७ हजार रुपये. निन्ह बिन्हमधल्या चांग आनच्या नावेची तिकिटं साडेतीन हजार. हा लाँगची दिवसाची बोट, हनोईहून बस आणि जेवणासकट माणशी ४५ डॉलर, चौघांचे १६ हजार. बाकी संग्रहालयं, पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ वगैरे ५ हजार. तिथलं सगळं मिळून ९२,५००.

एकूण २ लाख १३,५००. त्यावर २० हजार हाताशी ठेवले की २ लाख ३३,५००. हा लाँगला बोटीवर रात्रभर राहायचं तर आणखी २०-२५ हजार लागतील आणि अडीच लाखांची मर्यादा ओलांडली जाईल.

आता बघा रुपया कुठे चावतो. समजा तुम्ही जायच्या आधी तो आणखी ५ टक्के पडला. तिथल्या ९२,५०० वर ४,६०० रुपये वाढतील, व्हिसावर साडेचारशे. संपलं. याउलट तेच विमान २५ ऐवजी ३५ हजारांना पडलं तर ४० हजार गेले. म्हणून बातम्यांमधल्या डॉलरच्या आकड्याकडे बघत बसण्यापेक्षा तिकिटाच्या तारखांशी झटापट करा.

दिवाळीत भाडी चढतात ती लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी निघणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रातल्या शाळांची दिवाळीची सुट्टी बहुधा भाऊबीजेनंतरही आठवडाभर असते. दिवाळी घरी करून, भाऊबीज आटोपून मंगळवारी-बुधवारी निघालात तर तेच तिकीट बरंच उतरतं. मे महिन्याचं म्हणाल तर व्हिएतनाममध्ये ३० एप्रिल आणि १ मे या जोडसुट्ट्या आहेत, त्या आठवड्यात दा नांगच्या किनाऱ्यावर सगळा देश उतरतो. ५ मे नंतर जा. तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यात कधीतरी येतं. तेव्हा अर्ध्या खाणावळी बंद, बस-रेल्वे भरलेल्या. तो काळ टाळाच.

तिकीट किती आधी काढावं? सुट्टीतल्या तारखांसाठी तीन ते चार महिने. त्याहून आधी काढलं तर बजेट कंपन्या वेळा बदलतात आणि जोडविमान चुकायची भीती राहते. भाडं बघताना सामानाची किंमत मिळवूनच तुलना करा. व्हिएतजेटसारख्या कंपनीच्या साध्या तिकिटात फक्त ७ किलो हातसामान येतं आणि काउंटरवर ते वजन करून बघतात, पर्सही त्यातच धरतात. चौघांत २० किलोच्या दोन बॅगा आधीच ऑनलाइन घेतल्या की पुरतं. काउंटरवर घेतली की त्याच बॅगेला कितीतरी जास्त मोजावे लागतात. जातानाच्या बॅगेत चकल्या-लाडू असतात आणि येताना कॉफी-काजू, त्यामुळे परतीचं सामान कमी धरू नका.

व्हिसाबाबत. व्हिएतनामचा सरकारी ई-व्हिसा एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०, मुदत ९० दिवसांपर्यंत. शोध घेतल्यावर वरती येणाऱ्या अनेक साइट खासगी दलालांच्या असतात आणि त्याच कामाचे ६०-७० डॉलर घेतात. पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ असेल तरच सरकारी. मराठी माणसाची तिथे हमखास होणारी चूक नावाची. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. अर्जात मधलं नाव गाळलं किंवा आडनाव आधी की नंतर हा घोळ झाला, तर व्हिसा येतो, पण विमानतळावर काउंटरवालाच अडवतो. सवयीच्या क्रमाने लिहू नका, पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानाच्या तळाशी बाणांसारख्या खुणांच्या ज्या दोन ओळी असतात, त्यातली अक्षरं जशीच्या तशी उतरवा. आकडा शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांत गल्लत करू नका. चुकलं तर फी परत नाही, पुन्हा २५ डॉलर. मुलांचेही वेगळे व्हिसे लागतात. कागदोपत्री तीन कामाचे दिवस म्हणतात, तुम्ही तीन आठवडे धरा. पासपोर्टला प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मुदत हवी.

पैसे कसे न्यायचे, यात तीन-चार हजार सहज वाचतात किंवा जातात. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला बहुतेक बँका साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे दरावरचा जादा आकार लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. शून्य मार्कअपची कार्डं मिळतात. सहलीच्या दोन महिने आधी एक काढून ठेवा आणि बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. हे बटण बंद राहिल्याने हॉटेलच्या काउंटरवर कार्ड नाकारलं जाणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

मग येतं ते छोटं मशिन. हॉटेलचं बिल आहे २७ लाख डोंग. तुम्ही कार्ड लावता आणि पडद्यावर दोन पर्याय येतात: वर ‘९,८७० रुपये’, खाली ‘२७,००,००० डोंग’. ओळखीचे रुपये दिसले की बोट आपोआप वर जातं. पण २९० च्या दराने त्या बिलाचे रुपये होतात ९,३१०. वरच्या पर्यायात दुकानाच्या बँकेने ५६० रुपये खिशात घातले, आणि वर तुमची बँकही रुपयांत झालेल्या परदेशी व्यवहाराचं वेगळं शुल्क लावू शकते. डोंग निवडलात तर शून्य मार्कअपच्या कार्डावर ९,३१०, साध्या कार्डावरही ९,६९५. म्हणजे कार्ड वाईट असलं तरी स्थानिक चलनच निवडायचं. कधीकधी काउंटरवरची व्यक्ती मदत म्हणून स्वतःच बटण दाबून मोकळी होते. मशिन आपल्या हातात मागा. एटीएमवरही ‘रूपांतर स्वीकारा’ असं विचारतात, तिथे नाकारा. नाकारल्यावरही पैसे येतात, फक्त दर तुमच्या बँकेचा लागतो.

एटीएमचं स्थानिक शुल्क दर खेपेला लागतं. थायलंडमध्ये ते परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा जास्त, म्हणजे सहाशेच्या वर रुपये. दोन-दोन हजार रुपयांइतकेच काढत बसलात तर तिसरा हिस्सा शुल्कातच जातो. व्हिएतनाममध्ये शुल्क बँकेगणिक वेगळं असतं, पडद्यावर दिसतं, न पटल्यास शेजारचं एटीएम बघा.

रोख म्हणून चौघांसाठी ३००-४०० डॉलर पुरेत. शंभराच्या आणि पन्नासाच्या, नव्या छपाईच्या, घडी न पडलेल्या नोटा घ्या. शाईचा ठिपका किंवा फाटका कोपरा असला की तिथले लोक दर कमी देतात किंवा घेतच नाहीत. भारतात डोंग विकत घेऊ नका, दर वाईट मिळतो. रुपयाच्या नोटा तिथे नेऊन बदलणं त्याहून वाईट. डॉलर घेताना शहरातल्या दोन-तीन परवानाधारक विक्रेत्यांना फोन करून बाजारदरावर किती रुपये लावतात ते विचारा, एक-दीड रुपया ठीक आहे. मुंबई विमानतळावर हाच फरक चांगलाच फुगतो. रुपये रोख देऊन ५० हजारांपर्यंतचंच परकीय चलन मिळतं, पुढे खात्यातून द्यावे लागतात.

डोंग हातात आल्यावर पहिल्या संध्याकाळी मुलांसकट सगळ्यांनी नोटा ओळखून घ्या. २० हजारांची नोट निळी, ५ लाखांची नोटही निळसर. दोन्ही प्लास्टिकच्या, एकमेकींना चिकटणाऱ्या. टॅक्सीत अंधारात २० हजारांऐवजी ५ लाख गेले की ६९ रुपयांच्या जागी १,७२० गेले. ५ लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, एवढाच उपाय.

शाकाहारी असाल तर घाबरू नका, पण ‘भाजी’ या शब्दावर विसंबू नका. पालेभाजी समोर येते, ती माशाच्या सॉसमध्ये परतलेली. ‘आन चाय’ म्हणजे शाकाहारी खातो, आणि पाटीवर ‘चाय’ असलेली खाणावळ म्हणजे बौद्ध पद्धतीची शाकाहारी. आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, त्यांच्या चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, अनेक घरांत शाकाहार पाळतात. त्या दिवशी रस्त्यावरच्या साध्या ठेल्यांवरही असं जेवण सहज मिळतं. हनोईतल्या भारतीय हॉटेलांत जेवण व्हिएतनामी खाणावळीच्या तिप्पट पडतं. रोज रात्रीचं जेवण तिथे ठरवलंत तर वरच्या हिशोबात साधारण २६ हजार वाढवा.

स्कूटर भाड्याने घेऊ नका. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारातला, व्हिएतनाम १९६८ चा करार मानतं. तिथे तुमचं गाडी चालवणं बेकायदा ठरतं आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. रोजचे चारशे रुपये वाचवायला हे ओझं घेण्यात अर्थ नाही.

टूर कंपनीकडून जायचं असेल तर दोन गोष्टी लेखी मागा. एक, पॅकेजमधला जमिनीवरचा खर्च डॉलरमध्ये आहे का, आणि असल्यास ‘आरओई’ म्हणजे विनिमय दर कोणत्या दिवसाचा लावणार. बऱ्याच ठिकाणी शेवटचा हप्ता भरायच्या दिवशीचा दर अधिक एक-दोन रुपये असं असतं. जाहिरातीतला आकडा आणि भरायचा आकडा यांत फरक पडतो तो इथे. दुसरी, टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने ग्राहकाकडून वसूल करून सरकारकडे भरायचा आयकर. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तो आगाऊ वसूल होतो, त्याचे टक्के अर्थसंकल्पागणिक बदलतात. हा खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होणारा कर आहे. पैसे भरणाऱ्याच्या पॅनवरच्या कराच्या नोंदींत तो दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो. म्हणून पैसे अशाच्या नावाने भरा, जो विवरणपत्र भरतो. आजीच्या खात्यातून भरले आणि आजी विवरणपत्र भरत नसेल, तर ते अडकून पडतात. नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल वेगवेगळं घेतलं तर ते पॅकेज धरलं जात नाही.

व्हिएतनाम नको असेल तर बाकीचे पर्याय भराभर सांगतो. नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६० ने बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर शंभरावर गेला तरी पोखऱ्यातल्या थाळीला फारसा फरक पडत नाही. आतल्या विमानांना भारतीयांसाठी वेगळं, परदेशी लोकांपेक्षा कमी भाडं असतं, अन्नपूर्णा परिसराचा परवाना सार्क नागरिकांना १,००० नेपाळी रुपये, इतरांना ३,०००. दिवाळीत हिमशिखरं सर्वांत स्वच्छ दिसतात. विमानाने जाताना मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. दर वर्षी कोणीतरी मुंबईहून याच कारणाने परत येतं. दीड लाखात चौघांचं नीट होईल. भूतानचं चलन आपल्याशी बरोबरीत आहे, पण रात्रीला माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क, ६ ते १२ वयाच्या मुलाला निम्मं. तुम्हा चौघांना रात्रीचे ४,२०० होतात, सहा रात्रींचे २५ हजार. हॉटेल वेगळं.

बाली मे महिन्यासाठी उत्तम, कोरडा मोसम असतो. फक्त दारातच माणशी ५ लाख रुपिया व्हिसाचे आणि दीड लाख पर्यटक कराचे, चौघांचे मिळून १४ हजार रुपये, हे आधी धरा. श्रीलंका मे महिन्यात हवी असेल तर पश्चिम-दक्षिण किनारा सोडा, तिथे मोसमी पाऊस असतो. पूर्वेचं त्रिंकोमाली तेव्हा कोरडं असतं. जपान अडीच लाखांत चौघांना बसत नाही, चारच्या पुढे लागतील. मात्र जाल तेव्हा सगळ्यांनी सांगितलं म्हणून जेआर पास, म्हणजे जपानी रेल्वेचा पर्यटक पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५० हजार येन झाला, आणि तोक्यो-क्योतो बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट १४ हजार येनच्या आसपास आहे. जाऊन-येऊन २८ हजार. एवढ्या प्रवासावर पास वसूल होत नाही.

परतीच्या दिवशी उरलेले डोंग विमानतळावर जाण्याआधीच संपवा. हॉटेलचं शेवटचं बिल अर्धं रोख, अर्धं कार्डावर घेतात, विचारलं की मिळतं. मुंबईत उतरल्यावर ते डोंग कोणी धड दराने घेत नाही.